इंदूबाईंच्या गल्लीची स्वच्छ हवा

"शेजारच्या वस्तीतल्या लोखंडाच्या भट्ट्या हिवाळ्यापुरत्या बंद केल्या, मग आमच्या काऊन नाही?" इंदूबाई खोब्रागडेंनी प्रदूषण खात्याच्या तपासनिसाला दारातच अडवलं. आत नात खोकत होती.

"संगणकाच्या मॉडेलचं भाकीत आहे, मावशी. यंदा तुमची हवा जिल्ह्यात सगळ्यांत स्वच्छ राहणार. घरोघरी लावलेल्या हवा मोजायच्या डब्यांवरूनच सांगतात."

इंदूबाईंनी भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं. महागाची वस्तू धुळीनं खराब होऊ नये, म्हणून टीव्हीच्या रिमोटसारखंच तिलाही त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. त्यांचं पाहून सगळ्या गल्लीनं घातलं होतं.

त्यांनी ते टराटरा फाडलं. थोड्याच वेळात डबीवरचा हिरवा दिवा लालभडक झाला.

"बसा इथंच," पदर खोचत त्या म्हणाल्या, "अजून एकशेबारा घरं आहेत."