कागदावर न झालेली मॅच

“अगं, मैत्रीच्या मॅचला डॉक्टर तरी असतो का, विचार की,” सासूबाई म्हणाल्या तेव्हा शर्वरी लेकीला भरवताना हसली होती. देशाच्या फुटबॉल संघातून खेळणाऱ्या नवऱ्याला अशा मॅचमध्ये काय होणार?

त्या मॅचमध्ये डोक्यानं चेंडू मारताना रणजितचं डोकं दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आदळलं, तरी त्याला शेवटपर्यंत खेळवलं. घरी आल्यापासून तो तिसऱ्यांदा विचारत होता, “मॅच कधी आहे गं?”

तिनं संघाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. “वहिनी, ती अनधिकृत मॅच. कागदोपत्री झालीच नाही, तर मार कुठून लागला?”

“ह्यांनाही ती आठवत नाही,” ती कडाडली. “तुमचं डोकं कुठं आपटलं?”

त्याला दवाखान्यात नेताना तिनं खेळाडूंच्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, “तुमचा माणूस त्या मॅचहून येऊन झोपला असेल, तर आत्ता उठवा. आज वार कोणता, विचारा.”