खंडेनवमीचा पंप

कोंडीरामांनी पंपाला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. काचेच्या टाकीतलं पाणी थांबलं.

"मामंजी, तेवढा पंप चालू राहू द्या," सुमन म्हणाली. "आतले जीव गुदमरतील."

"खंडेनवमी हाय. आज कुठलंबी यंतर चालायचं न्हाई," सासरे म्हणाले. "सायकल न्हाई, शिलाई मशीन न्हाई. आन हे तर माझ्या लेकानं सवताच्या हातानं केलेलं. याला पयला मान."

"मग त्या घड्याळालाबी झोपवा की," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

"ते येळ दावतंय. काम कुठं करतंय?"

सुमन हसली नाही. टाकीत मुठीएवढा प्रवाळाचा दगड होता. दगड कसला, शेकडो बारीक जीवांची वस्तीच ती. कॉलेजात तिनं प्रवाळ पाहिले होते ते बरणीतले, फॉर्मॅलिनमधले, पांढरेफटक. फुललेला जिवंत प्रवाळ एकदा बघायचा, ही तिची तेव्हापासूनची इच्छा. तिचा भाऊ मालोजी रत्नागिरीला बंदर खात्यात होता. त्यानं किनाऱ्यावरून हा दगड, समुद्राच्या पाण्यासकट, जीपमधून आकुर्डीपर्यंत आणून दिला. काचा पिंपरी कँपातून आल्या. नवरा अर्जुन कंपनीच्या टूलरूममध्ये होता. त्यानं सुट्टीच्या दिवशी घरी बसून पंप तयार केला.

पण प्रवाळ उघडला नाही. पंधरवडा झाला, एकही तोंड उघडलं नाही. मालोजी कामासाठी पुण्यात आला होता आणि दसऱ्यासाठी आज संध्याकाळी परत निघणार होता. तोवर प्रवाळ फुलला नाही तर त्याच्याबरोबर परत समुद्रात पाठवायचा, असं सुमननं ठरवलं होतं. इथं आपल्या डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा ते बरं.

पाण्याचा हिशेब तिनं नीट केला होता. बादली आणि घड्याळ घेऊन पंपाचं पाणी मोजलं होतं. दगड मिटलेला दिसला तेव्हा तिला वाटलं, धार जोराची होते आहे. तिनं तोटी आवळली. तरी तो मिटलेलाच. मग आणखी आवळली. आता एका कोपऱ्यातून करंगळीएवढी धार यायची, आणि प्रवाळ पहिल्यापेक्षा घट्ट मिटून बसला होता.

"हाताला बंदी आहे का, मामंजी?" तिनं विचारलं.

"हाताला कसली बंदी?"

सुमननं साबण न लावता हात स्वच्छ धुतले आणि टाकीत घातले. ती अगदी हळू, एका गतीनं पाणी ढवळू लागली. थोड्या वेळानं पुरण वाटायला सासूबाईंनी हाक मारली. कोंडीराम बाह्या सारून उभेच होते.

"हळू हं, मामंजी," असं सांगून ती आत गेली.

त्या हातांनी पवना नदीत म्हशी धुतल्या होत्या. हळू म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाणी काचेवर आपटू लागलं. काठावरून फरशीवर सांडू लागलं. आवाज ऐकून सासूबाई, छबूबाई, बाहेर आल्या.

"अहो, पाणी हलवताय का कुस्ती खेळताय? व्हा बाजूला."

"मी न्हाई व्हायचा."

मग छबूबाईंनी समोरून हात घातले आणि ताक घुसळावं तसं पाणी उलटं लोटलं. दोन्हीकडचं पाणी मधे येऊन दगडावर फुटलं. दोघंही हसायला लागली. पुरणाचे हात धुऊन सुमन धावत आली. "अहो, थांबा" म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

दगडाच्या एका कडेला हिरवट, बारीक बोटं बाहेर आली होती.

"थांबा," ती मग कुजबुजली. दोघं जागच्या जागी गोठली. पाणी शांत झालं. थोड्या वेळानं बोटं मलूल झाली आणि आत जाऊ लागली.

"मामंजी, करा. आत्याबाई, तुम्ही पण. जोरात करा."

"आगं, मगाशी तूच हळू म्हनत हुतीस न्हवं?"

"चुकलं माझं. त्याला हळू नकोच आहे."

पंपाची धार रोज त्याच एका अंगावर पडत होती आणि बाकीच्या अंगाला पाणी साचून राहत होतं. खडकावरच्या लाटेला तोटी नसते. ती येते, मागे जाते, आडवी फुटते. सुमननं पाणी किती ते मोजलं होतं. ते कसं यायला हवं, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तिनं पदर खोचला आणि तिसऱ्या बाजूनं हात घातले.

संध्याकाळपर्यंत तिघांनी आळीपाळीनं पाणी हाणलं. कधी दोन बाजूंनी, कधी तीन, कधी कुणी बोलण्यात रमलं म्हणून एकाच. एकेक करून दगडाची सगळी तोंडं उघडली. शेकडो बोटं पाण्याबरोबर इकडे झुकत, तिकडे झुकत. सुमनच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते टाकीतलं की डोळ्यांतलं, हे तिलाही कळत नव्हतं.

"आगं, दगडाला पीक आलंय की!" कोंडीराम ओरडले.

तेवढ्यात मालोजी दारात आला. प्रवाळ न्यायला त्यानं मोठा कॅन आणला होता. फरशीभर तळं पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"सुमे, टाकी फुटली काय गं?"

"फुटली नाही, दादा," कोपरापर्यंत भिजलेली सुमन म्हणाली. "समुद्र सांडला. तो कॅन रिकामाच घेऊन जा, आणि पुढच्या खेपेला भरून आण."