खिंडीतला डोंगर

ऑनलाइन खेळाच्या नव्या भागात नीलद्वीपावरची नदी कोणी न ठरवता वळली आणि खालचं शहर कोरडं पडलं. खेळाच्या कंपनीत नकाशे सांभाळणारी शर्वरी खेळात शिरली, तर खिंडीत नदी अडवणारा दगडांचा डोंगर उभा. मागच्या तीन भागांत हौसाबाई नावाच्या खेळाडूने आणि त्यांच्या अख्ख्या गावाने एकेक दगड ठेवून तो रचला होता. हौसाबाई तिथेच भेटल्या.

“मावशी, हा हटवावा लागेल. कशाला रचलात?”

“खिंड ओलांडताना देवाला दगड ठेवतात. आमच्या घाटात बोगदा झाला, वरून आता कोणी जात नाही. म्हणून इथे येतो.”

“पण इथे देव नाहीये.”

“तिथेही आधी दगडच होते, बाई.”

शर्वरीने नकाशात शहरच उचलून नदीच्या नव्या काठी नेलं. परतताना खिंडीत वाकून तिनेही एक दगड ठेवला.