लाकडी खुळखुळा

"प्लास्टिकची खेळणी किती आहेत घरात?" मंजिरीबाईंनी विचारलं.

"एकही नाही, बाईजी," वसुधा म्हणाली.

"क्या बात है!" बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

महिला मंडळाच्या अध्यक्षीण मंजिरीबाई आज परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत पर्यावरण घेऊन आल्या होत्या. मोटारीतून. दिल्लीच्या शिबिरात त्यांना नुकतंच कळलं होतं, की बाळाला जुन्या सुती लुगड्याची दुपटी वापरावीत आणि थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत. हे त्यांच्या आजीलाही ठाऊक होतं, पण आजी दिल्लीची नव्हती. आता हे ज्ञान इथल्या कापड मिलमधल्या कामगारांच्या बायकांना द्यायचं, आणि जिचं घर कागदावर पैकीच्या पैकी उतरेल तिला मंडळाच्या पाळणाघरात नोकरी, असं ठरलं होतं.

वसुधाला ती नोकरी हवीच होती. मिलला कुलूप लागून आठ महिने झाले होते. तिचा नवरा चिंतामण अजूनही रोज सकाळी गेटपर्यंत जायचा आणि कुलूप बघून परत यायचा. शेजारच्या इंदिराकाकूंनी तिला कालच बजावलं होतं, "बाई काहीही बोलल्या तरी तू बस हां-जी, हां-जी कर. समझी?"

"बाळाला डब्याचं दूध?"

"परवडत नाही."

"म्हणजे देत नाही! फ्रिज?"

"नाही."

"स्कूटर?"

"विकली."

"देखो, देखो!" बाई सोबतच्या दोघींकडे वळल्या. "किती साधं राहणं! आपण यांच्याकडून शिकायला पाहिजे."

उपाशी माणसाला एकादशी घडल्याबद्दल शाबासकी द्यावी, तसा त्यांचा चेहरा होता. बाहेर ड्रायव्हरनं मोटार चालूच ठेवली होती.

खाली चटईवर दहा महिन्यांची मधू खुळखुळा वाजवत बसली होती. बाईंनी तो उचलून घेतला. वीतभर लाकडी नळी, दोन्ही तोंडांना घट्ट बांधलेलं कापड, आत ज्वारीचे दाणे. लाकूड वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

"अगं, किती सुरेख! हे तर दिल्लीतही नव्हतं. कुठल्या कारीगराकडून आणलंस?" बाईंनी तो कानाजवळ वाजवून पाहिला. "मला असे पन्नास हवेत, प्रदर्शनात मांडू. नोकरी तुझीच समज, वसुधा."

दाराशी उभ्या असलेल्या इंदिराकाकूंनी मागून वसुधाला चिमटा काढला. फक्त 'हां-जी' म्हणायचं होतं. पण वसुधा बाईंच्या हाताकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं जिच्या जोरावर या बाईच्या घरी मोटार उभी राहिली, ती वस्तू हिला ओळखता येऊ नये? वसुधाला इतका राग आला की नोकरीचा विचारच मनातून गेला.

तिनं खुळखुळा काढून घेतला आणि मधूच्या हातात दिला.

"ही बॉबिन आहे, बाईजी. यावर सूत गुंडाळतात. शेवटच्या पाळीला आमच्या यांच्या खिशात राहून गेली."

"बॉबिन?" बाई म्हणाल्या. "मग आणखी कुठे मिळतील?"

"तुमचे साहेबच मॅनेजर ना आमच्या मिलचे? त्यांना सांगा, कुलूप काढा. पन्नास काय, पन्नास हजार पडल्या आहेत आत."