रिकाम्या हॉलची शांतता

महोत्सवातल्या दुपारच्या खेळाला जेमतेम पाच डोकी होती. आयुष्यभर सिनेमांचे आवाज रेकॉर्ड करून निवृत्त झालेल्या बाई मागून दुसऱ्या रांगेत बसल्या आणि कुण्या नवख्या पोरीच्या त्या सिनेमात बघता बघता रंगून गेल्या.

खटकलं ते एवढंच. शेवटच्या निःशब्द प्रसंगात सिनेमाच्याच आवाजात कुणीतरी खोकलं, एका बाईमाणसाच्या आवाजानं "कोण आहे?" विचारलं, आणि खुर्चीची बैठक खाडकन वर उठली.

खेळ संपल्यावर बाईंनी दिग्दर्शिकेला गाठलं. "झकास केलंयस गं! पण प्रसंगाखाली घालायची शांतता रेकॉर्ड करताना हॉल रिकामा करायचा असतो, वेडे."

"रिकामाच होता, मावशी. स्टुडिओ परवडेना, म्हणून याच हॉलची शांतता घेतली. मशीन चालू ठेवून बाहेरून कुलूप लावलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये चिटपाखरूही नाही."

ती हसत चहा आणायला गेली. हॉलमध्ये आता बाई एकट्याच होत्या. पिशवी उचलायला त्या वाकल्या, तोच मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

जगाचे आवाज ओळखणाऱ्या बाईंना मघाशी स्वतःचा आवाज तेवढा ओळखता आला नव्हता.

त्यांनी वळून पाहिलं नाही. आता फक्त खुर्ची वाजायची राहिली होती.