सांदीपनींच्या दारी करसवलत

"आत्या, नव्या करपद्धतीत देणगीला सवलत मिळत नाही. यंदा राहू दे की," मुलींच्या वसतिगृहाच्या सभागृहात ऐन कीर्तनात भाचा कुजबुजला. आत्याच्या भांड्यांच्या दुकानाचा सगळा हिशेब तोच बघायचा. मथुराबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, पण मन डळमळलंच. वसतिगृहाचा वरचा मजला त्यांच्या देणगीवाचून अडला होता. तो झाला तरच खेड्यांतून येणाऱ्या मुलींना जागा मिळणार होती.

बुवा शब्दांतून सांदीपनींचा आश्रम उभा करत होते. रानात वादळ उठलंय, कृष्ण-सुदामा सरपणाला गेलेत... चिपळ्यांच्या नादात बाईंचे डोळे कधी मिटले, कळलंच नाही. आश्रमाच्या दारात दिवा तेवत होता आणि दिव्यापाशी चक्क टेबल मांडून भाचा बसला होता. समोर एक ओलंचिंब पोर, डोक्यावर मोळी.

"आत येऊ?"

"थांब रे, आधी सवलतीचं ठरू दे."

पोर बापडं पावसातच उभं राहिलं आणि बाईंकडे बघून गोड हसलं. त्याच्या भिजल्या केसांना मोरपीस चिकटलं होतं.

जयघोष झाला तशा बाई दचकून जाग्या झाल्या.

"कर पूर्ण भर आणि मजल्याचे पैसे उद्याच देऊन टाक."

"अगं, पण दुकानाचं नवं शटर?"

"जुनं चालेल मला. आधी त्याला आत घे, भिजतोय तो."

"कोण?"

भाच्याने वळून पाहिलं. बाहेर चैत्राचं कोरडं आभाळ होतं. दारात एक मुलगी डोक्यावरची वळकटी सावरत, जागा विचारायला ताटकळत उभी होती.