चाचणीची फेरी

चौदा वर्षं ती त्या इमारतीत सातव्या मजल्यावर धुणीभांडी करायची. लिफ्टच्या दाराशी पाटी होती, 'घरकामाला येणाऱ्या बायकांनी जिन्याने जावं.' गुडघे कुरकुरायला लागले तशी तिने कामं सोडली आणि चाळिशी उलटल्यावर लिफ्टदुरुस्ती शिकायला गेली.

"या वयात पाना धरणार?" नवरा हसला होता.

"झाडू धरता आला, मग पाना काय चावतोय?"

आज नेमकी त्याच इमारतीतून तक्रार आली. सेक्रेटरींनी तिला ओळखलंच नाही. उलट धावत येऊन तिच्या हातातली हत्यारांची पेटी घेतली.

"लवकर बघा हो मॅडम, सकाळपासून जिने चढून लोक मेटाकुटीला आलेत."

"खरंय, जीव जातो," ती म्हणाली.

दाराचा स्विच गेला होता. अर्ध्या तासात काम फत्ते. दुरुस्तीनंतर मेकॅनिकने स्वतः एक फेरी मारून बघायची, असा नियम. ती वर जाऊन आली. पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा.

सेक्रेटरी धास्तावले. "मॅडम, अजून काही बिघाड आहे का?"

"छे, लिफ्ट मघाशीच ठणठणीत झाली," ती म्हणाली आणि तिने पुन्हा सातव्या मजल्याचं बटण दाबलं.